चांदाचा फोटो म्हणजे गवाही : छतावरून आकाश टिपण्याचा छंद

२ एप्रिल २०२२ची संध्याकाळ वऱ्हाडातल्या अनेक घरांना अजून आठवत असेल. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सकाळी शेजारच्या घरांवर गुढ्या उभ्या राहिल्या आणि संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यांत लोक छतांवर चढून पश्चिमेकडे रमजानचा चांद शोधू लागले. चांद दिसला. मुबारकबाद झाली. पहिल्या तरावीहची तयारी सुरू झाली. आणि पावणेआठच्या सुमारास आकाशातून आगीचे तुकडे एका रांगेत, सावकाश, सरकत जाताना दिसले. अकोला, बुलढाणा, जळगाव, नागपूरपासून मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांपर्यंत लोकांनी ते पाहिले आणि हजारो मोबाइल वर उचलले गेले.

त्यानंतरचा तासभर काय काय ऐकलं ते विचारू नका. कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी म्हणालं तारा तुटला, कुणी क्षेपणास्त्र म्हणालं, तर कुणी थेट कयामतची निशाणी ठरवून टाकली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं पडलेलं सापडलं, आसपासच्या भागात धातूचे गोळेही मिळाले. नंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनी तिथे येऊन पाहणी केली. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग ३बी या रॉकेटचा शेवटचा टप्पा वातावरणात परत शिरताना हे दृश्य दिसलं असावं.

लोकांनी काढलेले व्हिडिओ इथे कामी आले. उल्का एक-दोन सेकंदांत विझते. हे तुकडे मात्र बराच वेळ दिसत होते, एका रेषेत चालले होते आणि चालता चालता फुटत होते. एवढं व्हिडिओत स्पष्ट दिसलं की ती उल्का नव्हे, माणसानं वर पाठवलेली वस्तू परत येते आहे, हे जाणकाराला ओळखता येतं. ज्यांनी हात स्थिर ठेवून चित्रण केलं आणि वेळ-जागा खरी सांगितली, त्यांनी त्या रात्री एक गवाही दिली. ज्यांनी त्याच व्हिडिओला भलतंच नाव देऊन पुढे ढकललं, त्यांनी फक्त घबराट वाढवली.

आपल्याला ही शिकवण नवी नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम यांच्या वफातीच्या दिवशी सूर्यग्रहण लागलं होतं. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले. तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) साफ सांगितलं, की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. स्वतःच्या दुःखाच्या दिवशीही त्यांनी आकाशाबद्दलची चुकीची समजूत राहू दिली नाही. आकाश टिपण्याच्या छंदाबद्दल लिहायला बसलो तेव्हा आम्हाला हीच गोष्ट आधी आठवली.

आमची चूक

आमच्याकडूनही एकदा चूक झाली, ती आधी सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, रमजानच्या २९व्या संध्याकाळी, आमच्या मोबाइलवर चांदाचा सुंदर फोटो आला. ढगांमुळे इथे काही दिसत नव्हतं. आम्ही आनंदात तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. पंधरा मिनिटांत आठवीतल्या एका मुलीचा निरोप आला : "सर, आपल्याकडे या दिवसांत चांद असा उभा कुठे असतो? मागच्या महिन्यात मी छतावरून काढलेला बघा, होडीसारखा आडवा आहे." तिचं बरोबर होतं. फोटो जुना होता आणि दुसऱ्याच कुठल्या मुलुखातला होता. आम्ही ग्रुपवर माफी मागितली. पण तोवर तो किती घरांत पोहोचला, ते अल्लाहच जाणे.

त्या मुलीजवळ महागडा कॅमेरा नव्हता. अब्बूंचा साधा मोबाइल होता आणि एका वहीत तारीख-वेळ लिहायची सवय होती. तेवढ्यावर तिनं खोटा फोटो पकडला. तेव्हापासून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना हा छंद लावतो. आकाशाच्या फोटोची किंमत त्याच्या सुंदरतेवर कमी आणि त्याच्या खरेपणावर जास्त असते, हे मुलांना यातून आपोआप कळतं.

पहिला धडा : चांद

सुरुवात चांदापासूनच करावी. तो शोधायला सोपा आणि घरच्या छतावरून दिसणारा. आपल्याकडून किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे. म्हणजे मशिदीची मेहराब जिकडे, महिन्याचा पहिला चांद साधारण त्याच बाजूला, ऋतूप्रमाणे थोडा डावीकडे-उजवीकडे.

पहिल्याच प्रयत्नात मुलं नाराज होतात, कारण डोळ्याला एवढा मोठा वाटणारा चंद्र फोटोत मुगाच्या दाण्याएवढा येतो. याचं कारण हिशेबानं समजून घ्या. चंद्राची रुंदी आकाशात फक्त अर्धा अंश असते. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण ७० ते ७५ अंश रुंदीचं दृश्य टिपतो. म्हणजे फोटोच्या रुंदीत असे दीडशे चंद्र शेजारी शेजारी बसतील. फोटो ४००० ठिपके रुंद असेल तर चंद्राच्या वाट्याला पंचवीस-तीस ठिपके येतात. एवढ्यात खड्डे-डोंगर दिसणार कसे?

दुसरी अडचण अशी, की पूर्ण चंद्राचा पांढरा गोळा होतो. मोबाइलला सगळीकडे अंधार दिसतो, म्हणून तो जास्त उजेड आत घेतो. पण चंद्र अंधारातला नाहीच, त्याच्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. म्हणून कॅमेऱ्यात 'प्रो' मोड उघडा. त्यात आयएसओ म्हणजे संवेदनशीलता ५० ते १०० ठेवा आणि शटरची वेळ सेकंदाचा पाचशेवा किंवा हजारावा भाग ठेवा. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट टेकवा आणि सूर्याच्या चिन्हाची पट्टी खाली ओढा. पांढरा गोळा विरून डाग दिसू लागतील. साधी दुर्बीण असेल तर ती खिडकीच्या चौकटीवर घट्ट टेकवून मोबाइलची भिंग तिच्या डोळ्याच्या बाजूला धरा. एका हाताला जमत नाही, दुसऱ्यानं दुर्बीण धरायची. भाऊ-बहिणीनं मिळून करायचं काम आहे हे.

पहिल्या-दुसऱ्या दिवसाची कोर वेगळी वागते. ती फिकट असते आणि आकाशात संधिप्रकाश असतो. आयएसओ १०० ते २०० आणि शटर सेकंदाचा तिसावा ते साठावा भाग, इथून सुरुवात करा आणि कमी-जास्त करत जा. एक खबरदारी घ्या : सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बीण पश्चिमेकडे वळवू नका. डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोरीच्या आत उरलेला चंद्र राखेच्या रंगात अंधुक दिसतो. तो उजेड आपल्या पृथ्वीचा. सूर्याचं ऊन पृथ्वीवरून परावर्तित होऊन चंद्रावर पडतं आणि परत आपल्या डोळ्यांत येतं. मोबाइल पक्का टेकवून अर्धा ते एक सेकंदाचा फोटो घेतला की हा राखी चंद्र उतरतो. आमच्या मुलांचा सर्वांत आवडता फोटो हाच.

खरा फोटो ओळखायचा कसा

जो स्वतः चार महिने चांद टिपतो, त्याला दुसऱ्याचा फोटो तपासता येतो. काही साध्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट कोरीचा कल. आपला प्रदेश विषुववृत्तापासून २०-२१ अंशांवर आहे. त्यामुळे मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी कोर जवळजवळ आडवी, होडीसारखी दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती बरीच तिरकी होते. उत्तरेकडच्या दूरच्या देशांत ती आणखी उभी असते. हा ढोबळ नियम आहे, थोडाफार फरक पडतो. पण एप्रिलमध्ये अकोल्याच्या नावानं सरळ उभी कोर आली तर शंका घ्यावी.

दुसरी गोष्ट उजेडाची बाजू. संध्याकाळच्या कोरीची उजळ बाजू मावळलेल्या सूर्याकडे, म्हणजे खाली आणि उजवीकडे असते. उजळ बाजू डावीकडे असेल तर तो पहाटेचा, महिना संपतानाचा चंद्र आहे, किंवा फोटो उलटा केलेला आहे.

तिसरी गोष्ट आकाशाचा रंग. पहिला चांद मगरिबनंतर थोडाच वेळ असतो. काळ्याकुट्ट आकाशात, डोक्याच्या वर झळकणारी बारीक कोर पहिल्या तारखेची असूच शकत नाही.

चौथी गोष्ट तारा. कोरीच्या दोन टोकांच्या मधोमध तारा चमकताना दिसला तर ते चित्र आहे, फोटो नाही. तिथे चंद्राचाच काळोखा भाग असतो, त्याच्या आरपार तारा दिसणार कसा?

पाचवी गोष्ट हिशेबाची. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी चंद्राचं वय, म्हणजे अमावस्येच्या क्षणापासूनचा काळ, सुमारे ३१ तास होतं. म्हणून तो आरामात दिसला. पंधरा तासांच्या आतला चांद नुसत्या डोळ्यांना दिसणं जवळपास अशक्य मानलं जातं. स्टेलेरियमसारख्या मोफत अॅपमध्ये गाव आणि तारीख टाकली की चंद्र किती वाजता मावळणार आणि कुठे असणार ते कळतं.

शंका आली तर गूगल लेन्सवर तो फोटो टाकून पाहा, जुना असेल तर बहुधा सापडतो. आणि फोटो पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : तुम्ही स्वतः काढला का, कुठून आणि किती वाजता? "पुढून आला" हे उत्तर मिळालं की तिथेच थांबायचं.

आता मोबाइल स्वतःही भर घालतो, हे लक्षात ठेवा. मार्च २०२३ मध्ये एका हौशी माणसानं चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोननं त्या पडद्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोननं त्यात भरले. जगभर चर्चा झाली. आपला फोन कृत्रिम बुद्धिमत्तेनं चंद्र ओळखून त्याचे तपशील वाढवतो, असं कंपनीनंही समजावून सांगितलं. ही सोय बंद करता येते. नोंदीसाठी फोटो काढताना ती बंदच ठेवावी.

कॅमेरा आणि रूयत

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे शरई रूयत आहे का, दुर्बिणीतून पाहिलेला चांद धरावा का, हे प्रश्न उलमा आणि हिलाल कमिटीचे आहेत. त्यात आम्ही पडत नाही. पण प्रश्न का उभा राहतो ते मुलांनी समजून घ्यावं. जुलै २०१३ मध्ये फ्रान्सच्या थिएरी लेगो यांनी खास उपकरणांनी अगदी अमावस्येच्या क्षणी, भर दिवसा, चंद्राची केसाएवढी कोर टिपली. कुणाच्याही डोळ्याला ती दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे कॅमेऱ्याला दिसतं ते सगळं माणसाला दिसतं असं नाही. नव्या चांदांबद्दल लोकांनी विचारलेला प्रश्न सूरह बकरामध्ये आला आहे, आणि काळ मोजणं व हज यांच्याशी त्यांचा संबंध तिथेच सांगितला आहे. ज्याच्यावर आपला रोजा आणि आपली ईद ठरते, त्याच्याबद्दल निदान खोटी गवाही आपल्या हातून जाऊ नये, एवढीच आमची विनंती.

चांदानंतर तारे

चांद जमला की ताऱ्यांकडे वळावं. इथे हिशेब उलटा होतो, उजेड कमी आणि वेळ जास्त. आयएसओ ८०० ते १६००, शटर १० ते १५ सेकंद, फोकस अनंतावर, म्हणजे कॅमेऱ्यात डोंगराचं चिन्ह असतं तिथे. शहरातल्या छतावरून एवढ्यानं आकाश नारिंगी होतं. तिथे आयएसओ ४०० वर आणा.

शटर याहून फार जास्त का नको? पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसतं. वेळ लांबली की ताऱ्याचा ठिपका न राहता रेघ होते. जुना अंदाज असा, की ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरनं भागायचं. मोबाइलचं मुख्य भिंग साधारण २५ मिलिमीटरच्या बरोबरीचं धरलं तर उत्तर २० सेकंद येतं. त्याच्या आत राहावं. रेघाच हव्या असतील तर मोबाइल ध्रुवताऱ्याकडे लावून तासभर एकामागून एक फोटो घ्या आणि मोफत अॅपनं एकत्र करा. ध्रुवाभोवती वर्तुळं उमटतात. आपल्याकडे ध्रुव उत्तर क्षितिजापासून जवळपास २१ अंश वर असतो. हात लांब करून धरलेली मूठ दहा अंशांची, म्हणजे दोन मुठी वर.

तिपाई नसेल तर दोन विटा आणि तांदळाची छोटी पिशवी पुरते. पिशवीत मोबाइल रुततो आणि हलत नाही. बटण दाबल्यानं धक्का बसतो म्हणून टायमर लावा.

पहिला फोटो मृग नक्षत्राचा घ्यावा. हिवाळ्यात संध्याकाळी तो सहज सापडतो. आणि इथे आपल्या दोन्ही भाषा कामी येतात. मराठीत ज्याला राजन्य म्हणतात त्याचं जगभरचं नाव रायजेल, हे अरबी 'रिज्ल' म्हणजे पाय. रोहिणी म्हणजे अल्डेबरान, अरबीत 'अद-दबरान', मागून येणारा, कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. उन्हाळ्यातला श्रवण म्हणजे अल्टेअर, 'अत-ताइर', उडणारा. अभिजित म्हणजे व्हेगा, तो 'अल-वाकि' म्हणजे झेपावणाऱ्या गरुडातून आला. व्याध हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, अरबीत 'शिअरा', आणि सूरह नज्ममध्ये याचं नाव घेतलेलं आहे. दक्षिणेला खाली दिसणारा अगस्त्य म्हणजे 'सुहैल'. अकोल्याहून तो सोळा-सतरा अंश वर येतो. दिल्लीच्या मुलांना तो याच्या निम्म्या उंचीवरच दिसतो. घरात दादी उर्दूत नाव सांगतील, शाळेत मराठीत शिकवतील, आणि तारा तोच असेल.

ही नावं जगभर पोहोचली त्यात अब्दुर्रहमान अस-सूफी यांचा मोठा वाटा आहे. इस्फहानमध्ये काम करणाऱ्या या विद्वानानं इ. स. ९६४च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. टॉलेमीची जुनी यादी त्यांच्यासमोर होती. पण ती तशीच उतरवून न घेता त्यांनी ताऱ्यांची तेजस्विता स्वतःच्या डोळ्यांनी तपासली आणि फरक नोंदवला. प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रं दिली, एक आकाशात दिसतं तसं आणि एक गोलावर काढतात तसं. त्यांनी एका 'लहान ढगाची'ही नोंद केली. आज आपण त्याला देवयानी आकाशगंगा म्हणतो. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या रात्री, गावाबाहेरच्या काळोखात, साध्या मोबाइलमध्येही ती धुरकट ठिपक्यासारखी येते. पुढून आलेलं तसंच पुढे न ढकलता स्वतः पाहून लिहिणं, हा धडा आपल्याच परंपरेत हजार वर्षांपासून आहे.

वऱ्हाडात कधी आणि कुठे

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ढग. तरी पाऊस पडून उघडलेल्या रात्री आकाश धुतल्यासारखं असतं, ती संधी सोडू नये. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपला खरा हंगाम. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव दरवर्षी होतो. थंडीत भिंगावर दव बसतं, ते सुती कपड्यानं हळूच टिपावं. एप्रिल-मेमध्ये धूळ आणि उष्णता. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो, रात्रीही छत तापलेलं असतं आणि मोबाइल गरम होऊन फोटोत रंगीत ठिपके येतात. पण आकाशगंगेचा दाट पट्टा, धनु आणि वृश्चिक राशीकडचा, याच महिन्यांत रात्री उशिरा वर येतो.

शहरातून तो दिसत नाही. अमरावतीकरांनी चिखलदऱ्याला जावं. अकराशे मीटरच्या आसपास उंची असल्यानं धूळ खाली राहते. बहमनी काळातला गाविलगड किल्ला जवळच आहे. पण मेळघाटच्या जंगलात रात्री जाण्याचा हट्ट करू नये. तिथे बिबटे आणि अस्वलं आहेत आणि नियमही आहेत. मुक्कामाच्या ठिकाणच्या अंगणातून पुरेसं आकाश दिसतं. अकोल्याकडच्यांना एखाद्या नातेवाइकाचं शेतही चालतं. सोबत घरातलं मोठं माणूस हवं आणि पायात बूट हवेत, कपाशीच्या शेतात साप-विंचू असतात.

विदर्भाला यात मोठा मानही मिळाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळेल असे लावले गेले. दिवे बंद करावे लागले नाहीत, त्यांना फक्त वरून झाकण मिळालं. आपल्या मोहल्ल्यात, मशिदीच्या आवारात, जलशाच्या रोषणाईत हे करता येणार नाही का? उजेड नमाजी माणसाच्या पायाखाली हवा, आकाशात सोडून त्याचा कुणाला उपयोग? वीजबिलही वाचेल.

सहरीच्या आधीचं आकाश

गेली काही वर्षं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत मार्च-फेब्रुवारीत आला आहे. या दिवसांत सहरीच्या वेळी आकाशगंगेचा तोच दाट पट्टा आग्नेयेला उगवलेला असतो. घर तसंही जागं असतं. आई सहरीची तयारी करते तेवढ्या दहा मिनिटांत एक फोटो होतो.

आणखी एक गोष्ट खास आपली आहे. फज्रच्या मसाइलमध्ये आपण सुबह काजिब आणि सुबह सादिक असा भेद शिकतो. सुबह काजिब म्हणजे पहाटेच्या आधी पूर्वेला उभा दिसणारा फिकट उजेड, जो पसरत नाही. खगोलशास्त्रात याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. ग्रहांच्या पट्ट्यात तरंगणाऱ्या बारीक धुळीवर सूर्यप्रकाश पडून तो दिसतो. खरी पहाट मात्र क्षितिजावर आडवी पसरते, कारण ती आपल्याच वातावरणातून येते. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहाटे, चंद्र नसताना, शहराच्या दिव्यांपासून दूर, पूर्वेकडे मोबाइल लावून दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्या. उभा उजेड आणि मग पसरणारी पहाट दोन्ही एका रांगेत मिळतील. किताबात वाचलेला मसला डोळ्यांसमोर उलगडतो.

छताचे अदब

उन्हाळ्यात आपल्याकडे लोक छतावर झोपतात, बायका-मुलीही असतात. रात्री कॅमेरा घेऊन छतावर फिरणाऱ्या मुलाकडे शेजारी संशयानं पाहतील आणि त्यांचं चुकीचं नाही. आधी शेजारच्यांना सांगावं, कॅमेऱ्याचं तोंड वरच ठेवावं आणि त्यांच्या मुलांनाही बोलवावं. आमचा अनुभव असा, की तक्रार करायला आलेले भाईजान राखी चंद्र पाहून स्वतःच मोबाइल टेकवायला बसतात. मुलींसाठी तर हा छंद फार सोयीचा, घर न सोडता आणि अम्मी-अब्बूंच्या सोबतीनं होणारा. टॉर्चवर लाल कागद लावावा, अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडानं ती एका क्षणात वाया जातात.

या छंदाला मार्गदर्शनही आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश शिकवते. त्याच शहरातल्या प्रथमेश जाजू या १६ वर्षांच्या मुलानं मे २०२१ मध्ये चंद्राची पन्नास हजारांहून अधिक चित्रं टिपून ती जोडली आणि एक अत्यंत तपशीलवार फोटो तयार केला. ते चंद्राचे खरे बारकावे होते, यंत्रानं मनानं भरलेले नव्हते. मेहनत कशाला म्हणतात ते मुलांना त्यातून दाखवता येतं.

एक वही

शेवटी सगळ्यांत स्वस्त साधन. एक वही घ्या. प्रत्येक फोटोमागे सहा गोष्टी लिहा : इस्लामी आणि इंग्रजी तारीख, वेळ, गाव, दिशा आणि उंची किती मुठी, कॅमेऱ्याची सेटिंग, आणि आकाश कसं होतं. काही दिसलं नाही तरी "ढग, दिसला नाही" असं लिहा. तीही गवाहीच आहे. मूळ फोटो जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळेची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. मात्र तेव्हा घराचं ठिकाणही सोबत जाऊ शकतं. म्हणून कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा आणि गावाचं नाव हातानं लिहा.

आमच्या त्या विद्यार्थिनीच्या वहीत आता अनेक चांदरातींची नोंद आहे. काही पानांवर सुंदर कोर, काहींवर नुसते ढग. कुणी तिला विचारलं, की त्या महिन्यात चांद दिसला होता का, तर ती पान उघडते आणि जेवढं पाहिलं तेवढंच सांगते. येत्या २९ तारखेला मगरिबची नमाज झाली की मुलांना घेऊन छतावर या. चांद दिसला तर टिपा, दुआ करा, वही भरा. नाही दिसला तर तसं लिहा. आणि कुणाचा फोटो आला, तर पुढे पाठवण्याआधी विचारा : कुठून, किती वाजता, कुणी पाहिला?